पखालीच्या बाजूनं ग्रीसचा इतिहास

ग्रीसचा इतिहास म्हटलं की आपल्याला मडकी दाखवतात. काळी-तांबडी, अंगावर देव आणि योद्धे रंगवलेली मडकी. जगभरच्या संग्रहालयांत ती काचेच्या कपाटात बसलीत. मातीचं भांडं फुटलं तरी खापर उरतं, म्हणून ती उरली. पण ग्रीक माणूस रानात जाताना, गाढवावर माल लादताना, लांबच्या वाटेला लागताना द्राक्षाची दारू आणि पाणी घ्यायचा ते कातड्याच्या पिशवीत. ती पिशवी कुजली, मातीला मिळाली. ती सोलणारे, कमावणारे, शिवणारे हातही तिच्याबरोबर गेले.

मग इतिहासकार लिहितात, ग्रीक संस्कृती म्हणजे संगमरवर, नाटक आणि तत्त्वज्ञान. मित्रांनो, आपण जरा पिशवीच्या बाजूनं बघू.

या पिशवीला ग्रीक भाषेत 'आस्कोस' म्हणत. आपल्याला ती फार समजावून सांगायला नको. पखाल, मसक, बुधला, मोट हे शब्द आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडात होते, आणि त्या वस्तू ढोर-चांभारांच्या हातच्या होत्या. आस्कोस त्याच जातकुळीची. बकरा कापला की त्याचं कातडं पोटावर उभं चिरायचं नाही. अंगातला सदरा उतरवावा तसं अख्खं सोलून काढायचं. मग कमवायचं, शिवायचं, पायांची भोकं आवळून बांधायची आणि एक पाय किंवा मान तोंड म्हणून मोकळी ठेवायची. म्हणूनच ग्रीक भाषेत या पिशवीच्या तोंडाचा शब्द 'पाय' या शब्दावरून आलाय. दारू पाहिजे असली की पायाची गाठ सोडायची. हेरोडोटसनं अरबस्तानातल्या उंटाच्या कातड्याच्या पखालीही नोंदल्यात. कातडं कमवायला जी झाडपानं लागत, त्यात सुमाक नावाचं झुडूप होतं. त्याला ग्रीक वैद्यकाच्या पुस्तकात नावच 'चामडं कमावणाऱ्यांचं सुमाक' असं आहे.

एक गंमत बघा. ग्रीक कुंभारांनी बसक्या पोटाची, तिरप्या तोंडाची छोटी मातीची भांडी केली. ती या पिशवीसारखी दिसतात म्हणून आजचे पुरातत्त्ववाले त्यांना आस्कोस म्हणतात. म्हणजे संग्रहालयात पाटीवर नाव चामड्याचं आणि कपाटात वस्तू मातीची!

२

होमरची दोन महाकाव्यं घ्या. राजे, भाले, रथ यांची वर्णनं करता करता तो पानोपानी कातड्याच्या पिशव्या टाकून जातो. 'इलियड'मध्ये तहाची शपथ घ्यायची वेळ येते तेव्हा दारू येते ती बकऱ्याच्या कातड्यात. 'ओडिसी'त राजकन्या नौसिका नदीवर धुणं घेऊन निघते तेव्हा आई तिला बकऱ्याच्या कातड्यातली दारू बांधून देते. कॅलिप्सो ओडिसियसला निरोप देताना एक पिशवी दारूची, एक मोठी पाण्याची आणि शिदोरीला तिसरी कातड्याची थैली देते. एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत ओडिसियस शिरतो तेव्हा त्याच्याजवळ बकऱ्याच्या कातड्यातली कडक दारू असते, आणि त्या दारूनंच तो राक्षसाला पाडतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वाऱ्याच्या पिशवीची. वाऱ्यांचा कारभारी इओलस नऊ वर्षांच्या बैलाचं कातडं सोलून त्याची पिशवी करतो, सगळे वादळी वारे तिच्यात कोंडतो आणि चांदीच्या दोरीनं तोंड आवळून ती ओडिसियसला देतो. नऊ दिवस नऊ रात्री गलबतं चालतात. दहाव्या दिवशी मायभूमी दिसू लागते, किनाऱ्यावरचे जाळ दिसतात. तेवढ्यात ओडिसियसला झोप लागते. वल्ही मारणारे आपसात बोलू लागतात. आपणही याच्याबरोबर तीच वाट तुडवली. हा लुटीचा माल घेऊन घरी चाललाय, आपण रिकाम्या हातानं. या पिशवीत सोनं-चांदी किती आहे ते तरी बघू. पिशवी सुटते, वारे सुटतात, गलबतं परत जिथल्या तिथं.

शाळेत ही गोष्ट 'लोभाचं फळ' म्हणून सांगतात. होमरही दोष खलाशांनाच देतो. पण त्यांचं म्हणणं काय होतं ते एकदा नीट ऐका. मेहनत सारखी, मग वाटा का नाही? आणि पिशवीत काय आहे हे त्यांना सांगितलं कोणी? नऊ दिवस राजानं तोंडातून शब्द काढला नाही. माहिती एकाच्या हातात आणि वल्हं सगळ्यांच्या हातात, अशा गलबतावर आणखी काय होणार? होमरनं खलाशांची ही तक्रार गाळली नाही, एवढं त्याचं श्रेय. तिच्यातला न्याय मात्र आपल्यालाच शोधून वाचावा लागतो.

३

पिशवी रोजच्या वापरात असली की ती भाषेत शिरते. आपल्याकडे पखाल गेली, पण 'रोग हाल्याला आणि औषध पखालीला' ही म्हण राहिली. ग्रीकांचंही तसंच.

पिठाच्या पिशवीला ते 'थुलाकोस' म्हणत. हेरोडोटस सांगतो, सामोस बेटावरचे परागंदा लोक मदत मागायला स्पार्टात गेले. त्यांनी लांबलचक भाषण ठोकलं. स्पार्टावाले म्हणाले, सुरुवात विसरलो आणि शेवट कळला नाही. दुसऱ्यांदा ते नुसती रिकामी पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, पिशवीला पीठ पाहिजे. स्पार्टावाल्यांनी उत्तर दिलं, 'पिशवी' हा शब्दसुद्धा जादा झाला. मदत मात्र दिली. आपल्या सभांतल्या वक्त्यांनी ही गोष्ट खिशात ठेवावी.

अथेन्सबद्दल एक देववाणी सांगितली जायची. तिच्यात शहराला फुगवलेल्या पिशवीची उपमा होती. दाबली तर पाण्याखाली जाईल, पण बुडून तळाला राहणार नाही.

पण आस्कोसचा सगळ्यात भयानक वापर धमकीत होता. 'तुझी कातडी सोलून पिशवी करीन' असं ग्रीक माणूस म्हणायचा. इ.स.पू. सहाव्या शतकात सोलोननं एका कवितेत आपली टिंगल करणाऱ्याच्या तोंडी असं घातलंय की, एक दिवस अथेन्सची हुकूमशाही मिळत असेल तर मग माझी पिशवी केली तरी चालेल. ॲरिस्टोफेनिसच्या नाटकांत हीच धमकी विनोद म्हणून येते. आपण मराठीत 'माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत' असं म्हणतो. तिथं राग, इथं कृतज्ञता, पण दोन्हीकडे कातडं माणसाचंच.

या धमकीमागं एक पुराणकथाही आहे. मार्सियास नावाचा रानातला, अर्धपशू रूपाचा वादक. त्याची बासरी, म्हणजे तिकडची जोडपावा, अपोलो देवाच्या वीणेला आव्हान देते. स्पर्धेचा निकाल देवाच्या बाजूनं लागतो आणि देव त्याला जिवंत सोलतो. हेरोडोटस लिहितो की फ्रिजियातल्या केलैनाई गावात मार्सियासची ही कातडी लटकवलेली होती. त्यासाठी तो शब्द वापरतो 'आस्कोस'. कलेत देवाची बरोबरी केली म्हणून रानातल्याची पखाल झाली. शंबूकाची गोष्ट ऐकलेल्याला याचा अर्थ फोडून सांगायला नको.

आणखी एक शब्द आपल्या खिशातच आहे. कातड्याला ग्रीकमध्ये 'ब्युर्सा' म्हणत. तोच लॅटिनमध्ये 'बुर्सा' झाला, म्हणजे थैली, आणि तिथून इंग्रजीत 'पर्स'. युरोपात शेअर बाजाराला 'बोर्स' म्हणतात, तोही त्याच घरातला शब्द. पैशाच्या नावाला अजून ओल्या कातड्याचा वास आहे. पैसेवाल्यांना तो येत नाही एवढंच.

४

आता खरा प्रश्न. ही कातडी कमावली कोणी?

अथेन्समध्ये कमावणारा वेगळा आणि शिवणारा वेगळा. कमावण्याच्या कामाला घाण वास, म्हणून ते शहराच्या कडेला. इ.स.पू. पाचव्या शतकातला अथेन्सचा एक शिलालेख सापडलाय. इलिसोस नदीत हेराक्लिसच्या देवस्थानाच्या वरच्या अंगाला कातडी भिजत घालू नयेत, तिथं कमावू नयेत, घाण पाण्यात टाकू नये, असा हुकूम आहे. इथं डोळे उघडे ठेवून वाचा. मनाई कातडी भिजवायला आहे, माणसानं पाणी प्यायला नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली प्रश्न कातड्याचा नव्हता, ओंजळीचा होता. हा फरक विसरून 'सगळीकडे असंच होतं' असं म्हणणं म्हणजे आपल्या मनूला फुकटचा जामीन देणं.

पण तिरस्कार तिथंही होता, हेही तितकंच खरं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीकानं स्वप्नांचे अर्थ सांगणारा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, आपण चामडं कमावतोय असं स्वप्न पडणं सगळ्यांनाच वाईट. कारण काय? कमावणारा मेलेल्या शरीरांना शिवतो आणि शहराबाहेर राहतो. मेलेलं ओढणं आणि गावकुसाबाहेर राहणं, ही दोन वाक्यं वाचून आपल्यापैकी कोण दचकणार नाही?

आणि काम करणारे हात पुष्कळदा गुलामांचे. इ.स.पू. ३४५ च्या सुमारास ईस्किनिस नावाच्या वक्त्यानं टिमार्कस या पुढाऱ्यावर खटला भरला. त्यात टिमार्कसला वारशानं काय मिळालं याची यादी आहे. घर, जमीन आणि चामड्याचं काम जाणणारे नऊ-दहा गुलाम. प्रत्येक गुलाम मालकाला रोज दोन ओबोल आणून द्यायचा आणि त्यांचा मुकादम तीन. त्या काळी न्यायसभेत दिवसभर बसणाऱ्या नागरिकाला तीन ओबोल भत्ता मिळायचा. वक्त्याला आकडा नेमका माहीत आहे, गुलामांची नावं मात्र तो घेत नाही. 'नऊ किंवा दहा' म्हणतो. नववा होता की दहावा, हे सांगायची गरज त्याला वाटत नाही.

५

इथं आपल्या कार्यकर्त्यांची एक गफलत होऊ शकते. चामड्याशी संबंध दिसला की 'हा आपला' असं म्हणायची घाई. क्लिऑनचं उदाहरण घ्या. पेरिक्लिसनंतर अथेन्सचा सगळ्यात वजनदार पुढारी. घरचा पैसा चामड्याच्या कारखान्याचा. इ.स.पू. ४२४ साली ॲरिस्टोफेनिसनं 'सरदार' हे नाटक लावलं. त्यात 'जनता' नावाच्या म्हाताऱ्याच्या घरात एक लबाड गुलाम आहे, धंदा चामड्याचा. हा कोण ते सगळ्या प्रेक्षकांनी ओळखलं. नाटकभर त्याच्या कातड्याची, वासाची टिंगल. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी त्याच लोकांनी क्लिऑनला सेनापती म्हणूनही निवडून दिलं. ज्या माणसाला हसले त्यालाच मत दिलं.

पण क्लिऑन मालक होता, कमावणारा नव्हता. इ.स.पू. ४२७ साली मितिलिनी शहरानं बंड केलं तेव्हा तिथले सगळे पुरुष मारा आणि बायकापोरं गुलाम करा, असं सांगणारा हाच. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ साली फिर्याद करणाऱ्यांतला अनायटस, त्याचाही धंदा चामड्याचाच. म्हणून सांगतो, चामड्याचा मालक आणि चामड्यात हात घालणारा यांची गल्लत करू नका. आपल्याकडेही ती होते.

तरीपण अथेन्सच्या कायद्यात एक कलम असं होतं की ते वाचून हेवा वाटतो. बाजारात काम करून पोट भरतो म्हणून कुणा नागरिकाला, बाईला किंवा पुरुषाला, हिणवलं तर तो गुन्हा. डेमोस्थेनिसच्या एका भाषणात हा कायदा आलाय. आणि सभेत? प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस सांगतो की राज्यकारभाराचा विषय निघाला की सुतार, लोहार, चांभार, व्यापारी, खलाशी, श्रीमंत, गरीब, कुणीही उठून बोलतो आणि त्याला कुणी गप्प बसवत नाही. अर्थात हे नागरिक पुरुषांपुरतं. ते नऊ-दहा गुलाम त्या सभेच्या बाहेरच आणि बायकाही बाहेरच.

एवढीही मोकळीक तत्त्ववेत्त्यांना सोसली नाही. प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये आदर्श राज्य रचलं. तिथं चांभारानं चांभारकीच करायची, कारागीर लढवय्यांच्या वर्गात घुसला की राज्याचा नाश. ॲरिस्टॉटलनं सांगितलं की उत्तम राज्य हातकाम करणाऱ्याला नागरिक करणार नाही, आणि गुलाम म्हणजे जिवंत अवजार. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिताना चातुर्वर्ण्याच्या शेजारी प्लेटोला उभं केलं आणि त्याची चूक दाखवली. माणसं मोजक्या वर्गांच्या खणात कोंबता येत नाहीत. प्रत्येक माणूस वेगळा असतो, हेच प्लेटोला दिसलं नाही. फरक एवढाच की प्लेटोचं राज्य कागदावर राहिलं. आपल्याकडे ते गावोगाव चालू होतं, धर्म म्हणून.

६

मग चामडं शिवणाऱ्याची बाजू घेणारं ग्रीसमध्ये कुणीच नव्हतं का? होतं.

सायमन नावाचा चांभार अथेन्सच्या चौकाजवळ राहायचा. सॉक्रेटिस त्याच्या दुकानात येऊन बसायचा, बोलायचा. सायमनला जे आठवे ते तो लिहून ठेवी. त्याच्या नावावर तेहतीस संवाद सांगितले जात आणि लोक त्यांना 'चामड्याचे संवाद' म्हणत. पेरिक्लिसनं त्याला निरोप पाठवला, माझ्याकडे ये, तुझं सगळं मी बघतो. सायमननं उत्तर दिलं, माझं मोकळं बोलणं मी विकणार नाही. हे सगळं डायोजेनिस लेअर्टियसनं लिहून ठेवलंय, काही शतकांनंतर. म्हणून काही पंडित म्हणायचे, असा कुणी नव्हताच. मग विसाव्या शतकात अथेन्सच्या चौकाच्या हद्दीच्या दगडाशेजारी उत्खननात एक घर सापडलं. जमिनीवर जोड्याचे लोखंडी खिळे, हाडाची कडी, आणि एका फुटक्या पेल्याच्या बुडावर कोरलेलं नाव: सायमनचा. हा तोच सायमन असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण चांभाराला नाव होतं, आणि ते पेल्यावर अक्षरात कोरलेलं होतं, एवढं त्या खापरानं सांगितलं.

आणि क्रेटिस. थीब्जचा श्रीमंत माणूस, संपत्ती सोडून सिनिक पंथात आला. भिकाऱ्याच्या कातड्याच्या झोळीला ग्रीकमध्ये 'पेरा' म्हणत. या लोकांनी ती झोळी आणि काठी हीच आपली निशाणी केली. त्यानं 'पेरा' नावाच्या काल्पनिक नगरावर कविताही लिहिली. हिपार्किया नावाची चांगल्या घरची मुलगी सगळं सोडून त्याच्याबरोबर त्याच वेषात हिंडू लागली. हा क्रेटिस एकदा चांभाराच्या दुकानात बसून ॲरिस्टॉटलचं एक पुस्तक मोठ्यानं वाचत होता. पुस्तक सायप्रसच्या एका राजाला उद्देशून लिहिलेलं, तत्त्वज्ञानाकडे वळ असं सांगणारं. चांभाराचं नाव फिलिस्कस. हातानं टाका चालू, कान पुस्तकाकडे. क्रेटिस थांबला आणि म्हणाला, फिलिस्कस, मी असलं पुस्तक तुझ्यासाठी लिहायला पाहिजे. तुझी लायकी त्या राजापेक्षा जास्त आहे.

मित्रांनो, आपलं काम त्या दुकानातलं आहे.

बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा, मेलेलं मांस खाणं सोडा. आपण सोडलं, ते बरोबरच केलं. लादलेलं काम सोडणं हा आपला नकार होता. मोट इंजिनानं आणि विजेच्या पंपानं संपवली, पखाल नळानं संपवली. त्याचं दुःख करायचं कारण नाही. पण काम सोडणं वेगळं आणि काम करणाऱ्यांना विसरणं वेगळं. मोटेच्या एकेका भागाला नाव होतं, कातडं कमावायच्या एकेका पायरीला शब्द होता. हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता फार म्हातारी आहेत. मातीची मडकी थांबतात, कातडं आणि शब्द थांबत नाहीत.

म्हणून सांगणं एवढंच. या सुट्टीत आपापल्या गावी जाल तेव्हा ढोरवाड्यात, चांभारवाड्यात, महारवाड्यात, मांगवाड्यात एक वही घेऊन बसा. म्हाताऱ्यांना विचारा. मोट कशी शिवायची, कातडं किती दिवस भिजायचं, बलुतं किती मिळायचं, पाटलानं कुठं बुडवलं, विहिरीवर पाणी कोण वाढायचं. बोलतील तसं, त्यांच्याच शब्दात लिहा. शुद्ध करायला जाऊ नका. आणि वर त्यांचं नाव लिहा, पूर्ण नाव. ईस्किनिससारखं 'नऊ किंवा दहा' लिहून मोकळे होऊ नका.